सत्तरावर अडलेला काटा

गल्लीत त्याला सगळे कप्तान म्हणत. खरं तर तो चौतीस वर्षं मालवाहू जहाजांवर आचारी होता आणि त्याच्या हुकमतीत कढया, झारे आणि बटाट्यांची पोती एवढंच होतं. पण जहाजावरून येतो म्हणजे कप्तानच असणार, असं कुणीतरी कधीतरी म्हणालं आणि ते चिकटलं. त्यानंही कधी खोडून काढलं नाही. वर्षातले दोन महिने घरी असणाऱ्या माणसानं गल्लीचे गैरसमज कुठं निस्तरत बसायचे!

उरलेले दहा महिने घर त्याच्या बायकोचं असे. ती सोफे आणि खुर्च्या मढवायची. खालच्या मजल्यावर तिचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. तिच्यात खुर्च्यांचे उघडेबोडके सांगाडे, काथ्याचे ढीग, स्प्रिंगांची पोती आणि भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे. काम करताना तिच्या तोंडात पाच-सहा चुका धरलेल्या असत. चुका म्हणजे बारीक खिळे, पण नवरा म्हणायचा, "हिच्या चुका काढायला जाऊ नये, तोंडातच असतात." तिला हा विनोद मुळीच आवडत नसे, पण तोंडात खिळे असल्यामुळे उत्तरही देता येत नसे.

तो कायमचा घरी आला त्याला आता सात महिने झाले होते. पहिला महिना नव्या नवलाईत गेला. दुसऱ्या महिन्यापासून तिच्या लक्षात येऊ लागलं की या घरात ते दोघं सलग दोन महिन्यांपेक्षा जास्त कधी राहिलेच नव्हते. तो पहाटे चारला उठायचा आणि स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागायची. सूप केलं तर चाळीस जणांचं. मग दोन दिवस गल्लीभर डबे हिंडायचे. एकदा तिनं मिठाच्या बरणीसाठी कपाट उघडायला हात घातला तर दारांना सुतळी बांधलेली. का, तर जहाज हललं की दारं उघडतात. "अहो, घर हलत नाही," ती म्हणाली. तो ओशाळला, सुतळी सोडली, आणि चार दिवसांनी पुन्हा बांधली.

तो वाईट होता असं नव्हे. तो फार चांगला होता, आणि त्यामुळेच तिला काही बोलता येत नसे.

गुरुवारी दुपारी घरचा फोन वाजला. नवरा तेव्हा खाटकाकडे गेला होता. पलीकडून जहाज कंपनीचा माणूस बोलत होता. एका जहाजावरच्या आचाऱ्याचा हात मोडलाय, चार महिन्यांचं काम आहे, तुमचे यजमान येतील का, सोमवारपर्यंत कळवा. "सांगते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. आणि तिला हायसं वाटलं.

अगदी हायसं. पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाला कट्टा दिसावा तसं. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती तिथंच अर्ध्या मढवलेल्या खुर्चीवर बसली आणि एक स्प्रिंग टोचेपर्यंत उठलीच नाही. सांगितलं तर तो जाईल, आणि तो गेला तर आपल्याला बरं वाटेल, आणि ते त्याला आपल्या चेहऱ्यावर दिसेल. म्हणून तिनं गुरुवारी सांगितलं नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी संध्याकाळी सांगणार होती, पण तेव्हा तो मोठ्या परातीत डुकराचा खांदा घेऊन बसला होता आणि इतका आनंदात होता की तिला धीर झाला नाही.

खांदा चार किलोंचा होता, हाडासकट. तो त्याला मीठ, साखर, लाल तिखट, जिरं आणि मिरपूड चोळत होता. चोळता चोळता बोलत होता. खूप वर्षांपूर्वी एका बंदरात मालाची क्रेन बिघडली आणि जहाज नऊ दिवस अडकून पडलं. क्रेन चालवणारी बाई रिकामी झाली. तिनं गोदामामागं एका लोखंडी पिंपात विस्तव केला, त्यावर लाकडाचे तुकडे टाकले आणि एक अख्खा खांदा दिवसभर नुसत्या धुरावर ठेवला. संध्याकाळी तो काट्या-चमच्यांनी पिंजला आणि मक्याच्या तळहाताएवढ्या पातळ भाकऱ्यांत, म्हणजे टॉर्टियांत, घालून त्याचे टाको खलाशांना दिले.

"बारा तासांचं काम आणि तीन घासांत संपलं," तो म्हणाला. "तेव्हापासून मनात आहे, घरी करायचं."

"मग केलं का नाही इतकी वर्षं?"

"घरी असायचो तेव्हा दिवस मोजलेले असायचे गं. त्यातला एक आख्खा डुकरावर कोण घालवेल?"

रविवारी लेक यायची होती. ती एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायची, पलीकडच्या भागात राहायची आणि दर रविवारी पाचच्या सुमारास चक्कर मारायची. तिला टाको खायला घालायचे असं ठरलं.

रविवारी फटफटलं तेव्हा त्यानं मागच्या अंगणात पिंप पेटवलं. खाद्यतेलाचं जुनं लोखंडी पिंप होतं ते. त्यानं आठवडाभर ते जाळून, घासून, खाली हवेची भोकं पाडून आणि वर जाळी बसवून तयार केलं होतं. कोळसे लाल झाल्यावर त्यानं त्यावर संत्र्याच्या वाळक्या लाकडाचे दोन ओंडके ठेवले. आधी जाडजूड पांढरा धूर आला, डोळ्यांत पाणी आणणारा. त्यानं मांस ठेवलं नाही. तो पिंपाशेजारी उभा राहून वाट पाहत राहिला.

ती चहाचा कप घेऊन दारात आली. "पेटलंय ना? मग ठेवा की."

"हा धूर कडू असतो. निळा होऊ दे."

तिला वाटलं, हा काहीतरी जहाजी वेड सांगतोय. पण खरंच, थोड्या वेळानं तो पांढरा लोळ विरळ होत गेला, आणि मग पिंपाच्या झाकणातून एक बारीक, निळसर, जवळजवळ नसल्यासारखी रेघ वर जाऊ लागली. सकाळचं कोवळं ऊन तिच्यातून आरपार दिसत होतं. ती रेघ भिंतीच्या उंचीपर्यंत सरळ गेली, तिथं जरा थांबली, जणू कुठल्या घरी जावं असा विचार करावा तशी, आणि मग हळूच वाकून वरच्या मजल्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरली.

"हा चालेल," तो म्हणाला आणि त्यानं खांदा जाळीवर ठेवला, खाली पाण्याचं ताट सरकवलं, मांसात काटेवाला तापमापक खोचला आणि झाकण लावलं. तापमापक त्यानं शेवटच्या जहाजावरून आणला होता. बशीएवढी तबकडी आणि एक काळा काटा.

बसायला म्हणून तिनं कारखान्यातून दोन आरामखुर्च्या ओढत आणल्या. एक गिऱ्हाईक कधीचं टाकून गेलं होतं त्या; मढवलेल्या नव्हत्या, नुसते पट्टे आणि वर काथ्या. "धुराचा वास लागला तरी या खुर्च्यांचं कुणी विचारणार नाही," ती म्हणाली. खरं तर तिला फक्त खुर्च्या ठेवून आत जायचं होतं, एक पाठ शिवायची राहिली होती. पण ती जरा टेकली, आणि टेकली ती बसलीच.

नऊच्या सुमारास वरच्या मजल्यावरचे मास्तर खाली आले. ते भूगोल शिकवून निवृत्त झाले होते आणि गल्लीत भांडायचा मान त्यांच्याकडे होता. हातात उशीचा अभ्रा होता. "हा घ्या, हुंगा," त्यांनी अभ्रा तिच्या नाकाशी धरला. "रात्री यावर मी डोकं ठेवायचं! डुकराच्या स्वप्नात झोपू का मी?"

"मास्तर, बसा," कप्तान म्हणाला. "वारा कुठून आहे ते बघून सांगा, पिंप हलवतो."

मास्तरांना कुणी बऱ्याच दिवसांत वारा कुठून आहे असं विचारलं नव्हतं. त्यांनी बोट ओलं करून वर धरलं, थोडं तोंडातल्या तोंडात पुटपुटले, आणि मग अभ्रा मांडीवर घेऊन पायरीवर बसले. दहा मिनिटांनी त्यांनी स्वतःच अभ्रा हुंगला. "तसा वाईट नाही वास," ते म्हणाले.

ऊन चढत गेलं. अंगणात सावली होती आणि सावलीत धूर होता. फार नाही, फक्त वस्तूंच्या कडा जरा पुसट होतील एवढा. दोरीवरचे कपडे, भिंतीवरची मांजर, मास्तरांचं टक्कल, सगळंच थोडं लांबचं वाटत होतं. कुणी बोललं तर आवाज कापसातून यावा तसा येई. दर अर्ध्या तासानं कप्तान उठे, काटा बघे, भोकं बोटभर उघडी-बंद करी आणि येऊन बसे. पन्नास. पंचावन्न. बासष्ट. ती पाहत होती. घरात हाच माणूस चालला की कुठंतरी आदळे, कपाटाचा कोपरा नाही तर खुर्चीचा पाय. इथं पिंपाभोवती मात्र तो पाण्यात मासा फिरावा तसा फिरत होता. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि ती त्याला काम करताना पहिल्यांदा पाहत होती.

साडेअकराला काटा सत्तरावर गेला. बाराला सत्तरावरच होता. साडेबाराला सत्तर.

एकला कप्तानानं तबकडीवर टिचकी मारली. सत्तर.

"बिघडला का काय?" मास्तर म्हणाले.

"नाही. असं होतं म्हणतात. मांस घामेजतं, त्या घामानं गार होत राहतं, विस्तव कितीही असो. त्या बाईनं सांगितलं होतं. पण किती वेळ होतं ते नाही सांगितलं." त्याच्या कपाळावरही घाम होता. "लेक पाचला येईल."

"मग?"

"मग काय! चौतीस वर्षांत माझं जेवण कधी उशिरा गेलं नाही. वादळातसुद्धा नाही. बाराला घंटा म्हणजे बाराला घंटा." तो खाली वाकून हवेची सगळी भोकं उघडायला लागला. "जरा जाळ वाढवतो."

तिनं उठून त्याचं मनगट धरलं. कशी उठली तिला कळलं नाही. "नका करू."

"अगं, पण—"

"बाहेरून करपेल आणि आत तसंच राहील. घाईनं मढवलेल्या खुर्चीचं होतं तेच. ताणून बसवता येतं, पण वर्षभरात झोळी होते." तिनं त्याला हळूच खुर्चीत बसवलं. "वाट बघायची. तुम्हाला येत नसेल तर मला विचारा. मी एकतीस वर्षं तेच केलंय."

हे ती चिडून म्हणाली नव्हती. पण मास्तरांनी अभ्रा तोंडावर घेतला आणि ऊन लागत असल्यासारखं केलं. थोड्याच वेळात ते खरोखरच घोरू लागले.

दोन वाजले. निळी रेघ तशीच वर जात होती. गल्लीत रविवारचा सन्नाटा होता. कुठंतरी एक नळ ठिबकत होता आणि ते थेंब फार सावकाश पडत होते, जणू त्यांनाही कुठं पोचायचं नव्हतं.

"गुरुवारी फोन आला होता," ती म्हणाली. तोंडात चुका नसल्या की बोलणं किती सोपं असतं, असं तिच्या मनात आलं. "कंपनीचा. चार महिन्यांचं काम आहे. त्यांच्या आचाऱ्याचा हात मोडलाय. उद्यापर्यंत कळवायचंय."

तो काट्याकडे पाहत राहिला. "गुरुवारी?"

"हो."

"आज रविवार."

"माहीत आहे मला आज काय आहे ते."

मग त्यानं तिला जे विचारलं त्याची तिनं तयारी केलेली नव्हती. का सांगितलं नाहीस, असं त्यानं विचारलं नाही. त्यानं विचारलं, "फोन ठेवल्यावर तुला काय वाटलं?"

खोटं बोलायला तिच्याकडे तीन दिवस होते. पण या धुरात, या अर्धवट खुर्च्यांवर, सगळंच असं सैल होऊन पडलं होतं की खोटं उभं करायला टेकू सापडेना.

"हायसं वाटलं," ती म्हणाली.

तो हसला. मोठ्यानं नाही, मास्तर उठतील म्हणून छातीतल्या छातीत. तिनं त्याच्याकडे पाहिलं, तो दुखावून हसतोय का ते बघायला. तसं दिसत नव्हतं.

"मलाही वाटायचं," तो म्हणाला. "दर वेळी. दोर सुटले, धक्का मागं पडला, की छातीवरून काहीतरी उतरायचं. वाटायचं, चला, आता आपल्याला येतं ते काम. मग दोन दिवस लाजेनं कुणाशी बोलायचो नाही."

"मला वाटायचं तुम्ही रडत असाल."

"रडायचोही. दोन्ही व्हायचं. तुला नाही का व्हायचं?"

तिला आठवलं. तो गेला की ती आधी सगळ्या खिडक्या उघडायची, मग त्याची उशी उन्हात टाकायची, आणि मग ती उशी परत आत आणताना तिला उगाच जिन्यात बसावं लागायचं. "व्हायचं," ती म्हणाली.

"आणि आता फोनचं ऐकून?" तिनं विचारलं. "आता काय वाटलं?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "भूक लागली."

आता तीही हसली. मास्तर झोपेत कुशीवर वळले.

"मी तुम्हाला जा म्हणत नाही," ती जरा वेळानं म्हणाली. "राहाच, असंही... थांबा, मला नीट सांगू द्या."

"सांग. काटा कुठं जात नाही."

"तुम्ही राहिलात तर मला पाहुणा नकोय. आणि घरमालकही नकोय."

"मग कोण हवंय?"

"ते मलाही माहीत नाही. मला तरी कुठं सवय आहे?" ती हातातल्या काथ्याचा एक धागा सोडवत होती. "पहाटे भांडी नका वाजवू. ती सुतळी नका बांधू. आणि स्वयंपाकघरात काही हलवायचं असेल तर आधी विचारा. मी कुणाला विचारायची नाही, कारण विचारायला कुणी नसायचं. मीही विचारीन."

"भांडी सहानंतर," तो म्हणाला. "सुतळी... हात आपोआप बांधतात गं. दिसली तर सोडत जा."

"सोडीन."

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. बोलायचं संपलं म्हणून नव्हे. त्या धुरात शब्दाला जिभेपासून बाहेर यायला आता फार वेळ लागत होता. तिनं मान मागं टाकली. काथ्याला धुराचा, धुराला संत्र्याचा आणि त्याखाली काहीतरी गोड भाजत असल्याचा वास होता. तिला वाटलं अंगण जरासं हललं. भिंत डावीकडे सरकली, मग उजवीकडे आली. दोरीवरच्या चादरी फुगल्या. आपलं घर धक्क्यावरून सुटलंय, असं तिला अगदी स्पष्ट कळलं आणि मुळीच भीती वाटली नाही. गल्ली मागं पडत होती; खाटकाचं दुकान, दवाखान्याचं उंच धुरांडं, कोपऱ्यावरचा पेपरवाला, सगळे लहान होत होते. पायरीवरून मास्तर मोठ्यानं सामुद्रधुन्यांची नावं सांगत होते आणि प्रत्येक नावाला घर जरा वळत होतं. नवरा कुठं दिसेना. मग तिच्या लक्षात आलं की तो शेजारीच आहे, इतका जवळ की दिसत नाही. स्वयंपाकघरातली कपाटं घट्ट बंद होती. बरं झालं, तिला वाटलं, बांधून ठेवली ते.

डोळे उघडले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. मास्तरांच्या शेजारी पायरीवर लेक बसली होती. बूट काढलेले, गुडघ्यांवर हनुवटी.

"कधी आलीस?"

"पाव तास झाला असेल." लेक कुजबुजत बोलत होती. "शू. बाबा झोपलेत."

तिनं वळून पाहिलं. कप्तान तोंड उघडं टाकून झोपला होता आणि त्याचा हात तिच्या खुर्चीच्या हातावर येऊन पडला होता, पालथा, निर्धास्त.

"अगं, मग उठवायचं नाही का?"

"नाही उठवलं." लेकीनं खांदे उडवले. "तुम्हा दोघांना एकत्र झोपलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. लहानपणी बाबा यायचे तेव्हा तू जागी असायचीस, आणि तू झोपायचीस तेव्हा ते गेलेले असायचे."

तिनं त्या हाताकडे पाहिलं. मग एकदम आठवलं. "अरे देवा, विस्तव!"

"मी टाकलं एक लाकूड. बाबा झोपेत म्हणाले, छोटं टाक. मी छोटं टाकलं."

ती उठून पिंपाशी गेली. काटा ब्याऐंशीवर होता. कधी हलला, कुणी पाहिलं नव्हतं.

कप्तान उठला, घड्याळ बघून दचकला, लेकीकडे बघून शरमला, आणि काटा बघून त्याचा चेहरा असा उजळला की तिघांनी (मास्तरही आता जागे होते) एकदम पिंपाकडे पाहिलं. "घंटा चुकली बाबा तुमची," लेक म्हणाली. "चुकू दे," तो म्हणाला. "आज जहाज नांगरावर आहे."

मग कामाला लागले. काटा पंच्याण्णवला जाईपर्यंत सव्वासहा झाले, आणि तेवढ्या वेळात बाकीचं सगळं झालं. कांद्याच्या पातळ चकत्या सिरका आणि साखरेत पडून गुलाबी झाल्या. टोमॅटो, काकवी, सिरका आणि भाजलेल्या मिरच्यांचं दाट सॉस एका छोट्या पातेल्यात बुडबुडत राहिलं. पातेलं छोटं होतं, तो मोठं घेणार होता, मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, "कुठलं घेऊ?" असं विचारलं आणि तिनं दाखवलं ते घेतलं. मक्याच्या पिठाच्या टॉर्टिया तिनं केल्या. लाटण्यानं त्या फाटत होत्या, म्हणून तिनं कारखान्यातून कापड कापायची जड फळी आणली आणि प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये गोळा ठेवून वरून दाबली. पहिली तर आफ्रिकेच्या आकाराची झाली, असं मास्तर म्हणाले. दुसरी गोल आली.

मांस बाहेर काढलं तेव्हा ते काळंकुट्ट होतं, जळक्या ओंडक्यासारखं. लेकीचा चेहरा पडला. "बाबा, हे...?"

"थांब." त्यानं ते जुन्या टॉवेलात गुंडाळून अर्धा तास तसंच ठेवलं. मग परातीत उघडलं, दोन बोटांनी हाड धरलं आणि ओढलं. हाड निघून आलं, लोण्यातून सुरी यावी तसं, त्याला मांसाचा कणही चिकटलेला नव्हता.

लेकीनं ते हातात घेऊन उजेडात धरलं. "इतकं स्वच्छ हाड मी फक्त फिल्मवर पाहिलंय," ती म्हणाली.

दोन काट्यांनी त्यांनी मांस पिंजलं, एक त्यानं धरला आणि एक तिनं. पिंजणं तिच्या हातातलंच काम होतं; काथ्या ती अशीच मोकळी करायची, धागा न तोडता. काळ्या सालीखाली गुलाबी कडा होती आणि आत नुसते ओले, वाफाळते धागे. गरम टॉर्टियावर मांस, वर चमचाभर सॉस, गुलाबी कांदा, लिंबू. पहिला टाको त्यानं तिला दिला.

तिनं डोळे मिटून खाल्ला. आधी लिंबू लागलं, मग तिखट, मग गोड, आणि सगळ्यात शेवटी धूर. तो तोंडात नव्हता, कुठंतरी मागं, घशाच्या आणि आठवणीच्या मध्ये होता. आपण हा दिवसच खातोय असं तिला वाटलं, सकाळच्या त्या निळ्या रेघेपासूनचा.

"कसं झालंय?" त्यानं विचारलं. चौतीस वर्षं त्यानं हा प्रश्न कुणाला विचारला नसावा; जहाजावर ताट रिकामं परत आलं की उत्तर मिळे.

"मीठ अर्धा चमचा जास्त," ती म्हणाली. "आणखी एक द्या."

मास्तरांनी पाच खाल्ले आणि अभ्र्यानं तोंड पुसलं.

अंगणातलं ऊन भिंतीवरून उतरून गेलं तसा कप्तान उठला, हात धुतले आणि दारातल्या फोनपाशी गेला. रविवारी कोण उचलणार, असं ती म्हणणार होती, पण पलीकडून उचललं. दार उघडंच होतं. सगळ्यांना ऐकू येत होतं.

"हो, मीच बोलतोय. निरोप मिळाला... नाही, नाही जमणार... तब्येत उत्तम आहे. तसं काही नाही. अहो, मला चाळीस जणांचा स्वयंपाक येतो, दोघांचा अजून येत नाही. तो शिकतोय... हसा, हसा. दुसरा माणूस सांगतो, चांगला आहे, नंबर लिहून घ्या."

हे ऐकताना तिच्या मनात काहीतरी किंचित खाली बसलं. उघड्या खिडक्या, तिचं एकटीचं स्वयंपाकघर, पहाटेची शांतता. तिनं त्याला खाली बसू दिलं. आणि त्याच्या शेजारीच दुसरं काहीतरी उभं राहिलं, ज्याला ती अजून नाव देऊ शकत नव्हती. पण ते होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिसत असावं, कारण लेक तिच्याकडे बघून हसली आणि पटकन ताटं गोळा करायला लागली.

लेक डबा घेऊन गेली. मास्तर दुसरा डबा घेऊन वर गेले आणि जिन्यातून ओरडले की वारा पुढच्या रविवारी पश्चिमेचा असेल, पिंप कोपऱ्यात ठेवावं. दोघं भांडी घासायला उभे राहिले, तो घासत होता आणि ती पुसत होती. त्यांच्या केसांना, कपड्यांना, बोटांना सगळीकडे संत्र्याच्या लाकडाचा वास होता. परातीत अजून दीड-दोन किलो मांस उरलं होतं.

"उद्या काय करू?" त्यानं विचारलं.

"उद्या काही करू नका," ती म्हणाली. "उद्या उरलेलंच खाऊ. आणि सकाळी जरा माझ्याबरोबर खाली या. त्या दोन खुर्च्यांना कापड कुठलं लावायचं ते ठरवू."